खडखड आणि दोन थेंब तेल

थंडी पडली की माझी मशीन जड चालते. आतलं तेल घट्ट होतं, पायडल सकाळी सकाळी कुरकुर करतं, आणि एखाद्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या होईपर्यंत काही तिचा राग जात नाही. आमच्या घरी तुळशीचं लग्न लागत नाही, पण ते लागलं हे मला कोणी सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या धाड गावच्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया लग्नाच्या ब्लाऊजांच्या पिशव्या घेऊन दारात. "ताई, पाठीमागून नॉट पाहिजे," "ताई, मागच्या वेळेसारखं काखेत नका आवळू." बाहेर कापसाच्या गाड्या जातात, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकतात, तुरीला फूल येतं. लोकांना हे दिवस आवडतात. मला मात्र ते नकोसे होतात.

आज गुरुवार. फोन कापडाच्या टेबलावर कैचीजवळ ठेवलाय, पालथा. पालथा अशासाठी की दर मिनिटाला तिकडे पाहू नये. तरी पाहतेच. माझी लेक प्रज्ञा अमरावतीला कॉलेजात आहे, आणि रविवारी तिची विद्यापीठाच्या रायफल संघासाठी निवड आहे. काल फोनवर आवाज उतरलेला होता. "छर्रे पसरून राह्यले माय. उद्या सरावानंतर फोन करते, तू मशीन बंद करून बसजो." एवढंच बोलली. मशीन बंद करून कशाला बसायचं, हे मला बरोबर कळलं, आणि म्हणून तर जिवाला घोर लागलाय.

तशी मी मुळातच घोर लावून घेणारी बाई आहे. आमचे हे प्रवासी जीप चालवतात, धाड ते बुलडाणा. त्यांचं म्हणणं, "तू चिंता नाही केली ना, तर दिवसच मावळाचा नाही." हसतात आणि जातात. दूध उतू जाईल म्हणून मी त्याच्याकडे इतकी टक लावून बघते की तव्यावरची पोळी जळते. पण दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत जे झालं, ते चिंतेमुळे झालं की चिंता कमी पडल्यामुळे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा प्रज्ञा अकरावीला होती. बुलडाण्याला एका हॉलमध्ये फौजी सर पोरापोरींना एअर रायफल शिकवायचे. सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, मिशा पांढऱ्या, बोलणं अर्धं हिंदी. खरं नाव कोणी घेत नसे, सगळे फौजी सरच म्हणायचे. तिथली रायफल तिघी पोरींत एक. एकीची पाळी संपेपर्यंत दुसरीचा हात थंड व्हायचा. आणि तरी आमची पोरगी दहा मीटरवरून कागदाच्या काळ्या गोलात असे छर्रे मारायची की चार-पाच भोकं मिळून एकच भोक दिसायचं. ते कागद ती घरी आणायची. मी ते कापडाखाली जपून ठेवायची. लोक पोरीची मार्कशीट दाखवतात, मी गिऱ्हाइकांना भोकं दाखवायची.

दिवाळीच्या पाडव्याला तिच्या बाबांनी नवीन रायफल आणली. पोरीला काहीच सांगितलं नव्हतं. जीपच्या मागच्या सीटवरून लांबडं खोकं काढलं आणि अंगणात ठेवलं. प्रज्ञा आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. शेजारच्या काकू लगेच दारात. "काय वो, बंदूक आणली? पाखरं मारता का?" मी म्हणाले, "पाखरं नाही काकू, कागद." त्यांना ते काही पटलं नाही. नुसता कागद फाडायला बंदूक कशाला, अशा तोंडाने घरात गेल्या, आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही त्यांचंच पटलं होतं.

ती रायफल मध्ये मोडायची. म्हणजे मोडून पडायची नाही, दस्ता एका हातात धरायचा आणि नळी दुसऱ्या हाताने खाली वाकवायची. तशी वाकवली की आतली स्प्रिंग ताणली जाते. मग नळीच्या मागच्या तोंडात छर्रा बसवायचा आणि नळी पुन्हा सरळ करायची. मग श्वास धरून नेम. प्रज्ञाने पहिल्यांदा नळी वाकवली, सरळ केली, आणि रायफल अलगद हलवून पाहिली. मी चुलीपाशी करंज्यांचा डबा उघडत होते. माझा हात तिथेच थांबला.

"वाजली," मी म्हणाले.

"काय वाजलं?" तिचे बाबा.

"नळी. डावीकडून वाजली. खुळखुळ नाही, खडखड."

"पाह्य प्रज्ञा, तुझ्या मायले नव्या कोऱ्या वस्तूतबी खडखड आयकू येते. लग्नात मले पाहून म्हणली असन, या नवऱ्याचा एक नट ढिला हाय."

बापलेक खूप हसले. मीही हसले. पण ती खडखड कानातून गेली नाही. वीस वर्षं मशीन चालवलेल्या बाईच्या कानाला कोणी काही म्हणा, तो कान खोटं सांगत नाही. सुई बोथट झाली की टाका कापड न शिवता ठोसे मारतो, त्याचा आवाज वेगळा. बॉबिन वाकडी बसली की वेगळा. सुईच्या दांड्याचा स्क्रू अर्धा आटा सुटला तर गिऱ्हाइकाशी बोलता बोलताही मला कळतं. आणि ही तर लेकीच्या खांद्याला लागणारी वस्तू.

फौजी सरांना तिने सांगितलं. सरांनी रायफल हातात घेतली, हलवली, एक डोळा मिटून पाहिली आणि म्हणाले, "बेटा, नया माल है. चार दिवसांत बसेल." आमच्या घरी ते वाक्य आलं, आणि सगळ्यांचं समाधान झालं. एकटी मी सोडून.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कोणी केली नसती. शेतकऱ्याच्या बायकोने नाही, मास्तरणीने तर नाहीच. ती शिवणकाम करणारीनेच करावी.

शनिवारी संध्याकाळी मी मशिनीला तेल देते. वर्षानुवर्षांचा नेम. मशिनीच्या अंगावर जिथे जिथे बारीक भोक, तिथे तिथे दोन थेंब. ही भोकं बनवणाऱ्याने तेलासाठीच ठेवलेली असतात. मग चाक हाताने फिरवायचं, वरचं तेल पुसायचं, आणि पहिल्यांदा एका चिंधीवर मशीन चालवायची. म्हणजे उरलंसुरलं तेल ती चिंधी पिते, गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग पडत नाही. माझ्या सासूने शिकवलं, "आधी चिंधी, मग चिंट." चिंट म्हणजे गिऱ्हाइकाचं छापील कापड.

तर त्या शनिवारी माझं तेल देऊन झालं होतं. तेलाची डबी हातात. प्रज्ञा विहीर गल्लीत मैत्रिणीकडे गेली होती. रायफल कोपऱ्यात, माझ्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. मी ती घेतली. नळी वाकवायला जोर लागला, पण वाकली. आणि आत, जिथे नळीचं मागचं तोंड येऊन टेकतं, तिथे बरोबर मधोमध एक बारीक भोक. बाई गं, मला इतका आनंद झाला! म्हटलं, हे बघ, बनवणाऱ्याने ठेवलंय की तेलाचं भोक, आणि या पुरुषांना कोणाला दिसलं नाही. दोन थेंब टाकले. मग वाटलं, नवी आहे, कोरडी असेल, अजून दोन. नळी सरळ केली, पुसली, लुगड्याच्या तुकड्यात होती तशी गुंडाळली. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर हसले असते.

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, म्हणून सराव रोजच होता. सोमवारी प्रज्ञा आली आणि पिशवी कोपऱ्यात टाकली. कागद दाखवला नाही. मीच पिशवीतून काढला. काळ्या गोलात दोन, बाकी वर, डावीकडे, एक तर पार पांढऱ्यावर. कसर लागलेल्या कापडासारखा दिसत होता तो कागद.

"काय झालं गं?"

"काय माहीत. फट्टऐवजी कडाड वाजते. धूर निघाला आज थोडा. सर म्हणले, नव्या बंदुकीत कंपनीचं ग्रीस राहते, निघून जाईन."

धूर म्हटल्याबरोबर मला काहीतरी टोचलं. पण सर म्हणाले ना कंपनीचं ग्रीस, मग कंपनीचंच. माणूस आपल्या सोयीचं किती पटकन ऐकतो. खडखड अजून येतच होती, म्हणून मंगळवारी मी पुन्हा दोन थेंब टाकले. काय म्हणावं या अकलेला! करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि भलतं होतंय हे दिसत असताना मी तेच पुन्हा केलं.

बुधवारी ती आली आणि तिने रायफल भिंतीला टेकवली. मी जवळून गेले. नळीच्या तोंडाशी वास आला. जळक्या तेलाचा. बाजारातल्या तेलांत हजार वास असतील, पण माझ्या डबीतल्या तेलाचा वास मी डोळे मिटून सांगेन. मी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्या भोकातून तेल आत स्प्रिंगजवळ गेलंय, तिथे दाबाने पेटतंय, हे सगळं शास्त्र मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की हे माझं तेल आहे आणि हा धूर माझा आहे.

आणि नेमकं तेव्हाच तिने विचारलं.

ती खाली बसली होती, दोन्ही हात समोर धरलेले, बोटं पसरलेली, आणि त्यांच्याकडे बघत होती. "माय, खरं सांग. माझा हात थरथरते का?"

किती सोपं होतं. "नाही गं, मीच येडी, मीच तेल टाकलं," एवढं म्हणायचं होतं. पण नवी रायफल माझ्या हाताने बिघडली, हे तिच्या बाबांना कळेल, सरांना कळेल, त्या हॉलमधल्या सगळ्या पोरींना कळेल की प्रज्ञाच्या मायने बंदुकीला शिलाई मशिनीचं तेल पाजलं. मी भ्याले. सरळ सांगते, मी माझ्या लाजेला भ्याले आणि लेकीच्या हाताकडे पाहून म्हणाले, "थोडा थरथरत असल. थंडी हाय ना."

तिने मान हलवली. तिला पटलं, हेच वाईट झालं.

त्या दिवसापासून ती हाताच्या मागे लागली. चहा सोडला, कोणीतरी सांगितलं चहाने हात हलतो म्हणून. पाण्याने भरलेली बाटली हात लांब करून धरायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहायची, ओठ पांढरे होईपर्यंत. जेवताना घास तोंडाकडे नेता नेता मध्येच थांबवून बघायची, हलतोय का. मी समोर बसून भाकरी वाढत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला वाटायचं, हिने मान वर केली की माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं दिसेल. ती मान वर करायचीच नाही. गुरुवारी रात्रीच्या जेवणात म्हणाली, "बाबा, मी रविवारी चाचणीले जात नाही. माझ्याजागी दुसरीले जाऊ द्या." जिल्ह्याची निवड चाचणी होती ती. त्यातून तीन पोरी विभागीय स्पर्धेला जाणार होत्या. तिच्या बाबांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता तू काहीतरी समजाव. मी ताट उचललं आणि आत गेले.

शुक्रवारी कार्तिकी पौर्णिमा होती. आम्ही पौर्णिमेला संध्याकाळी विहारात जातो. पांढरं लुगडं नेसले, मेणबत्त्या घेतल्या. प्रज्ञा आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. वंदना सुरू झाली. पंचशील मला झोपेतही येतं, लहानपणापासून तोंडात बसलेलं. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथं खोटं न बोलण्याचं. सगळ्या बाया म्हणून पुढे गेल्या आणि माझा आवाजच निघेना. शेजारच्या बाईने कोपर मारलं, तिला वाटलं मला भोवळ आली. मी मेणबत्तीकडे बघत उभी. दर पौर्णिमेला हे म्हणणाऱ्या बाईने आपल्याच पोरीचा हात थरथरता केला.

घरी आले, तर ती झोपली होती. दोन्ही हात उशीखाली घालून. मी उठवलं नाही. आजही वाटतं, उठवायला पाहिजे होतं. एक रात्र तरी तिची वाचली असती.

शनिवारी सकाळी तिला म्हणाले, "चल, बुलडाण्याले जाऊ. रायफल सरांना परत दाखवू." ती कशीबशी निघाली. मी मशिनीजवळची चिंध्यांची पिशवीही बरोबर घेतली. का घेतली, मला तेव्हा सांगता आलं नसतं. हातात काहीतरी असावं म्हणून घेतली असेल. जीपमध्ये पुढे तिचे बाबा, मागे प्रवासी दाटीवाटीने, मधे आम्ही दोघी, तिच्या मांडीवर लांबडं खोकं. मक्याची कणसं रस्त्याच्या कडेला वाळत होती. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक गावाला एक वाक्य गळून पडत होतं.

हॉलमध्ये चार-पाच पोरी होत्या. फौजी सर कागद लावत होते. प्रज्ञाने खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सर, ही कोणाले वापराची असन तर वापरू द्या. माझा हात बरोबर नाही." मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरले.

"तिचा हात चांगला हाय सर," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की एका पोरीने रायफल खाली घेतली. "मी तेल टाकलं त्यात. मशिनीचं. नळी वाजत होती म्हणून. त्या आतल्या भोकात टाकलं, मले वाटलं तेलाचं भोक हाय. दोनदा टाकलं. अन् मले माहीत होतं. बुधवारपासून माहीत होतं. प्रज्ञा, तुझा हात नाही गं थरथरत. मी खोटं बोलली."

कोणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी तिकडे नुसतं पाहिलं आणि हसू थांबलं. मला वाटलं, आता बोलतील, चांगले खडसावतील. त्यांनी रायफल उचलली, नळी वाकवली, नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "बाई, मीबी वास घेतला होता सोमवारी. मीच कंपनीचं ग्रीस समजलो. अब छोडो. सुती कपडा आहे का कोणाकडे?"

मी पिशवी पुढे केली. कधी नव्हे ते माझ्या चिंध्यांचं सोनं झालं. सर तारेच्या टोकाला चिंधी लावून नळीत घालत होते आणि प्रत्येक चिंधी पिवळी होऊन बाहेर येत होती. मग प्रज्ञाला म्हणाले, "आता नेम विसर. नुसते मार. जळू दे सगळं." ती मारत राहिली. कडाड, कडाड, धूर. पंचवीस-तीस छर्ऱ्यांनंतर आवाज बसत गेला. कडाडचं फट्ट झालं. मी बाकावर बसून बघत होते आणि मला सासू आठवत होती. आधी चिंधी, मग चिंट. तेवढंच करायचं राहिलं होतं, तेवढंच.

पण भोकं अजूनही आडवी पसरत होती. वर-खाली नाही, डावी-उजवी. सर म्हणाले, होईल हळूहळू. प्रज्ञाने रायफल खाली ठेवली. माझ्याकडे अजून एकदाही पाहिलं नव्हतं. सरांकडे बघतच म्हणाली, "सर, मायनं तेल चुकीचं टाकलं. पण खडखड तिले बरोबर आयकू आली होती. ती पहिल्याच दिवशी म्हणली होती, डावीकडून. एकदा पाहता का?"

सरांनी माझ्याकडे रायफल दिली. "बताओ." मी ती कानाशी धरली, हलकेच हलवली. "इथं," मी बोट ठेवलं, जिथे नळी वाकते तिथे. आडवा स्क्रू होता. सरांनी पेचकस लावला आणि पाव आटा फिरवला. फक्त पाव. पुन्हा माझ्या कानाशी. काही नाही. मशीन उत्तम चालते तेव्हा ती जशी असते, तशी चूप. रोज शंभर स्क्रू आवळणारी मी, पण नव्या वस्तूला पेचकस लावायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि तेल मात्र बिनधास्त ओतलं!

पुढच्या दहा छर्ऱ्यांचा कागद मी आजही ठेवलाय.

परतताना जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली नाही. गावाजवळ आल्यावर बोलली, अगदी हळू, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"तेलाचं मले काही नाही, माय. तुले भलंच करायचं होतं. पण मी इचारलं तवा तू हाताचं नाव काऊन घेतलं? मी रोज झोपतानी हाताकडे पाहून राह्यली होती."

रडू आलं, पण मागे प्रवासी बसलेले. म्हणाले, "आता तू जे इचारशील, ते खरं सांगीन."

"वाईट असलं तरी?"

"वाईट असलं तरी."

रविवारी आई-बापांना आत सोडत नव्हते. मी पायरीवर बसले. आत जाण्याआधी प्रज्ञा मागे वळली, काही न बोलता रायफल माझ्या कानाशी आणली आणि हलवली. मी मान हलवली, नाही वाजत. ती गेली. मग तासभर आतून नुसती फट्ट-फट्ट. दहा पोरी एका वेळी मारत होत्या, आणि तुम्ही विश्वास ठेवा की नका ठेवू, मला त्यातली माझी ओळखू येत होती. प्रत्येक फट्टला पदराला एक पीळ. ती तिसरी आली. तिघींतली तिसरी, अगदी काठावर, पण आली. तिच्या बाबांनी जीपचा हॉर्न इतका वाजवला की चौकीदार धावत आला. मला आनंद व्हायला संध्याकाळ लागली.

त्याला दोन वर्षं झाली. दरवर्षी थंडी येते, मशीन जड होते, आणि मला ते उशीखालचे हात दिसतात. आणि आज पुन्हा तेच दिवस.

फोन वाजला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाऊजची बाही उलटवत होते. मशीन तशीच सोडली.

"माय, मशीन बंद हाय ना? दार लाव. आता आयक." कॉलेजच्या क्लबने तिला या वर्षी नवीन रायफल दिलीय, भारीतली. सोमवारपासून छर्रे पसरताहेत. तिथल्या सरांनी तपासली, त्यांना काही सापडलं नाही. "त्यांच्यावर माझा भरोसा नाही असं नाही. पण तू आयक."

तिने रायफल फोनजवळ हलवली. मी डोळे मिटले. पुन्हा हलवली, उलटी करून. नळीवर बोटाने टिचक्या मारल्या, एक एक वीत सोडून. मी ऐकत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोणत्या तरी वस्तूत खडखड हवी होती. असू दे गं बाई एखादा स्क्रू ढिला. एखादा तरी. बाहेरून ट्रॅक्टर गेला, मी म्हणाले, "पुन्हा कर." तिने पुन्हा केलं. मला वाटलं, म्हणावं, हो वाजते, थोडी वाजते. रविवारपर्यंत पोरीला धीर राहील. यात कोणाचं काय जातं?

"नाही वाजत," मी म्हणाले.

तिने नळीवर आणखी एक टिचकी मारली.

"नक्की?"

"नक्की. बंदूक चांगली हाय."

"मंग हातच असन."

पंचशील म्हणताना अडला होता, तिथेच आवाज अडत होता. या वेळी ढकलला. "हाव. हातच असल."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. मला वाटलं, रडते. ती रडत नव्हती.

"बरं झालं," ती म्हणाली. "बंदूक असती तर मले काही करता नसतं आलं. हात तर माझ्याजवळ हाय. तीन दिवस हायेत." आणि मग, "ठेवू? पुन्हा सरावाले जाते."

"जा," मी म्हणाले.

दार उघडलं. नवरीची मावशी ओट्यावर येऊन बसली होती, ब्लाऊज झालं का विचारत होती. म्हटलं, झालंच, एक बाही राहिली. मशिनीवर बसले. दोरा तुटलेला होता. सुईत ओवायला गेले, आणि एका झटक्यात दोरा ओवणारी मी, मला चार वेळा ओवावा लागला.